फाटकाबाहेरचा मित्र



आपल्या बॅचमध्ये कोंबड्यांचं शेड चालवणारा बहुधा मी एकटाच, तेव्हा बोलणारही त्याबद्दलच.

फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावी, एका शेडमधल्या 6,831 कोंबड्या काही दिवसांत मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास आपला एक वर्गमित्र बऱ्याच वर्षांनी मला भेटायला आला. त्याच्या घरी चार गावरान कोंबड्या. मी त्याला फाटकाबाहेरच उभं केलं, चहासुद्धा रस्त्यावरच दिला. तो रागावून गेला. आज तो इथे समोरच बसला आहे.

मित्रा, हा विषाणू फक्त पाखरंच आणतात असं नाही. विष्ठेचा कण चपलेला, टायरला, अंड्यांच्या ट्रेला चिकटूनही तो शेडमध्ये शिरतो. म्हणून आतली चप्पल वेगळी. वराहपालनातही तेच. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही. आणि तो पसरतो कसा? माणसांच्या बुटांवरून, गाड्यांवरून, न उकळता घातलेल्या हॉटेलच्या खरकट्यातूनसुद्धा.

खरं सांगू? त्या दिवशी तुला अडवलं आणि संध्याकाळी खाद्याची गाडी मात्र तशीच आत घेतली, टायरवर फवारासुद्धा न मारता. ड्रायव्हर रोजच्या ओळखीचा ना! नशीब, काही झालं नाही. रात्रभर झोप लागली नाही.

आता फवारा फाटकालाच बसवलाय. तू ये. चहा घरात घेऊ. शेड मात्र बाहेरूनच दाखवीन.