जिराफाचे उत्पन्न आणि राज्यांचा कर
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंपन्यांच्या नफ्यावरील कर हा आपल्याकडे केंद्राचा विषय आहे. २००० सालच्या ८०व्या घटनादुरुस्तीपर्यंत त्यात राज्यांचा वाटाही नव्हता. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्ये संघ सरकारखेरीज स्वतःचा असा कर वसूल करतात. मग अनेक राज्यांत पसरलेल्या कंपनीचा नफा कोणत्या राज्यात निर्माण झाला, हा तंटा अटळ ठरतो. करसल्लागारांचा सारा धंदा या प्रश्नावर उभा आहे.

'टॉईज आर अस' या खेळणी विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण घ्या. तिने डेलावेअर राज्यात 'जेफ्री' नावाची उपकंपनी काढली आणि १९८४ साली आपली व्यापारचिन्हे तिच्या मालकीची केली. जेफ्री हे कंपनीच्या जाहिरातींतील जिराफाचे नाव! दुकानांनी आपलेच नाव वापरल्याबद्दल या जिराफाला निव्वळ विक्रीच्या १ टक्का स्वामित्वधन द्यावयाचे. साउथ कॅरोलिनात ही रक्कम खर्च म्हणून वजा होई. डेलावेअरमध्ये केवळ अशी अमूर्त मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपनीला उत्पन्नकर माफ. १९९० साली जेफ्रीचे उत्पन्न साडेपाच कोटी डॉलर होते. पूर्णवेळ कर्मचारी एकही नव्हता आणि कोणत्याही राज्याला उत्पन्नकराचा एक सेंटही मिळाला नाही. हे बेकायदा नव्हते. याचेच नाव करनियोजन!

साउथ कॅरोलिनाच्या करखात्याने प्रथम वजावट नाकारली. पुढे ती मान्य करून त्याने जेफ्रीवरच कर बसविला. आमचे त्या राज्यात कार्यालय नाही की कर्मचारी नाही, हा कंपनीचा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली फेटाळला. चिन्हाचा वापर तेथे होतो, कमाई तेथील गिऱ्हाइकांकडून होते, तेव्हा कर द्यावाच लागेल.

कॅलिफोर्नियाची पद्धत अधिक मूलगामी होती. उपकंपन्यांची भिंत न मानता साऱ्या समूहाचा जगभरचा नफा एकत्र करावयाचा आणि मालमत्ता, वेतन व विक्री यांच्या प्रमाणात राज्याचा हिस्सा ठरवावयाचा. वेतन हा निकष लक्षात घ्या; नफा श्रमाशी जोडलेला आहे, हे भांडवलशाही राज्यालाही हिशेबापुरते मानावे लागले! कंटेनर कॉर्पोरेशनच्या खटल्यात १९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरविली. परंतु न्यायालयात हरलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी विधिमंडळात बाजी मारली. परकीय सरकारांचेही दडपण आलेच. १९८६ सालच्या कायद्याने परदेशांतील बहुतेक नफा हिशेबाबाहेर ठेवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. आज तर बहुसंख्य राज्यांनी, कारखाने आपल्याकडे ओढण्याच्या चढाओढीत, मालमत्ता व वेतन गाळून एकट्या विक्रीचाच निकष ठेवला आहे.

कामगार संघटनांत काम करणाऱ्या साथींना या जिराफाशी कर्तव्य आहे. किमान बोनसच्या वर किती मिळावयाचे, हे शिल्लक नफ्यावर ठरते. परदेशी मूळ कंपनीला दिलेले स्वामित्वधन तो नफा आधीच कमी करते. ताळेबंद हाती आला की प्रथम ही नोंद शोधावी, आणि रक्कम कोणाला व कशाबद्दल दिली, हे व्यवस्थापनाला लेखी विचारावे.