टाचेची कळ आणि पुन्हा धावणं

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते आणि चार पावलं टाकली की ओसरते? टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा बहुधा दुखावलेला असतो. अनेकांचं धावणं सुटतं ते इथेच. कमानीला आधार देणारा इनसोल या पट्ट्यावरचा ताण थोडा हलका करतो. दुकानदार काहीही सांगो, तो जादू करत नाही. आधी साधा, तयार मिळणारा वापरून पाहा. बुटातला आधीचा इनसोल मात्र काढा, नाहीतर टाच वर येऊन बूट चावतो. पुन्हा धावायला लागताना पहिला आठवडा नुसतं चाला. मग 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं, असं 20 मिनिटं. मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.