दुधाशिवायचे हलके चॉकलेट ट्रफल, आणि डब्यावर काय लिहायचं

मागच्या महिन्यात बचत गटांच्या बैठकांमधून एकच मागणी पुन्हा पुन्हा आली. ‘ताई, लाडू-चिवडा सगळेच करतात. चॉकलेटचं काहीतरी सांगा, पण महागडी साय नको, ओव्हन नको आणि खाणाऱ्याला जड नको.’ म्हणून आज ट्रफल करूया. जवळ कागद-पेन असेल तर घ्या. प्रमाण मी दोनदा सांगणार आहे.

ट्रफल या नावाला घाबरू नका. फ्रान्समध्ये जमिनीखाली उगवणारी एक महागडी अळंबी असते, तिला ट्रफल म्हणतात. चॉकलेटची वेडीवाकडी गोळी कोकोच्या भुकटीत घोळवली की मातीतून काढलेल्या त्या अळंबीसारखी दिसते, म्हणून हे नाव. नेहमीच्या ट्रफलमध्ये चॉकलेट वितळवून त्यात दुधाची साय, म्हणजे क्रीम, घालतात आणि थंड करून गोळ्या वळतात. आपण साय, लोणी, दूध, मध यातलं काहीच घालणार नाही. अशा पदार्थाला हल्ली व्हीगन म्हणतात. खरं सांगायचं तर हा आपल्या खजूर-शेंगदाण्याच्या लाडवाचाच कोको घातलेला भाऊ आहे. वळायचा हात तुमच्याकडे आहेच.

आता साहित्य. बिया काढलेला मऊ खजूर 150 ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे साधारण 20. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट 50 ग्रॅम. पंढरपुरी डाळं, चिवड्यात घालतो ते, त्याचं बारीक पीठ 40 ग्रॅम. बिनसाखरेची कोको पावडर 30 ग्रॅम. नारळाचं पहिलं जाड दूध 4 मोठे चमचे. चिमूटभर मीठ आणि आवडीप्रमाणे वेलची किंवा जायफळ. घोळवायला थोडी कोको पावडर किंवा सुकं किसलेलं खोबरं.

घरी वजनकाटा नसेल तर मापाच्या संचातला 15 मिलिलिटरचा मोठा चमचा घ्या. कूट 6 चमचे, डाळ्याचं पीठ 5 चमचे, कोको 5 चमचे, सगळे सपाट. पुन्हा सांगते. खजूर 20, कूट 6 चमचे, डाळ्याचं पीठ 5, कोको 5, नारळाचं दूध 4. विकायला करणार असाल तर मात्र काटा घ्याच. चमच्याच्या मापाने दर खेपेला चव बदलते आणि गिऱ्हाईक ते ओळखतं.

खरेदी करताना एक बघा. कोको पावडर आणि दुधात घालून प्यायची चॉकलेट पावडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पिण्याच्या पावडरीत साखर असते आणि पुष्कळदा दुधाची भुकटीही असते. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. तिथे फक्त कोको हवा. खजूर प्रत्येक उघडून बघा, आत कीड असू शकते. शेंगदाणा चावून बघा. खवट दाणा एक जरी गेला तरी सगळा घाणा बिघडतो.

कृती सोपी आहे. खजूर चाळणीत ठेवून 5 ते 7 मिनिटं वाफवा. पाण्यात भिजवू नका, जास्तीचं पाणी आत राहतं. कोमट असतानाच नारळाच्या दुधाबरोबर मिक्सरमधून काढा. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून कूट करा. ते थोडं तेल सुटेपर्यंत फिरवलं तर मिश्रण छान बांधलं जातं. कोको आणि डाळ्याचं पीठ एकत्र चाळून घ्या, नाहीतर कोकोच्या गुठळ्या दाताखाली कडू लागतात. आता सगळं परातीत घेऊन कणकेसारखं मळा. हाताला चिकटत असेल तर एखादा चमचा डाळ्याचं पीठ, कोरडं वाटलं तर अर्धा चमचा नारळाचं दूध. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि 15 ग्रॅमच्या गोळ्या वळा. मोठ्या सुपारीपेक्षा जरा मोठी. एवढ्यात साधारण 22 होतात. कोकोत घोळवलं की झालं.

कुणी म्हणेल, वरून वितळलेल्या चॉकलेटचा थर दिला तर दुकानातल्यासारखं दिसेल. दिसेल, पण हलकेपणा तिथेच संपेल. शिवाय बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानात जी स्वस्त लादी असते ती बहुतेक वेळा कंपाउंड असते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि काही कंपाउंडमध्ये दुधाची भुकटीही असते. मग आपला पदार्थ दुधाशिवायचा राहत नाही.

आता आजच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग. एका बैठकीत ट्रफल वळून झाले, डबे भरले आणि एका मावशींनी विचारलं, ‘ताई, प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर असल्याच गोळ्यांवर शुगर फ्री असं लिहितात. त्यांचा माल आधी संपतो. आपणही साखर घातलेली नाहीच की. आपण का नाही लिहायचं?’ प्रश्न रास्त आहे. गटाच्या कर्जाचा हप्ता आपल्यालाही भरायचा असतो. म्हणून त्याचं उत्तर हिशोबानेच देते.

व्हीगन, हलकं आणि शुगर फ्री हे तीन वेगळे शब्द आहेत. एक खरा असला म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही.

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काही नाही, एवढंच. नारळाची घट्ट मलई आणि डार्क चॉकलेट घेऊन केलेला ट्रफल शंभर टक्के व्हीगन असतो आणि साईच्या ट्रफलइतकाच जड असतो. नारळातही चरबी भरपूर असते. म्हणून आपण दूध घेतलं आणि तेही 4 चमचेच.

हलकं म्हणजे कशाच्या तुलनेत? नेहमीचा 15 ग्रॅमचा ट्रफल धरा, दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग साय. त्यात अंदाजे 70 कॅलरी आणि 5 ग्रॅम चरबी असते. आपल्या गोळीत साधारण 48 कॅलरी आणि 2 ग्रॅम चरबी. म्हणजे चरबी निम्म्याहून कमी. कमी कोकोच्या लोण्यामुळे आणि सायीऐवजी खजूर-डाळं घेतल्यामुळे हा फरक पडला. इतपत हलकं म्हणायला हरकत नाही. पण लो फॅट म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमपेक्षा जास्त चरबी चालत नाही. आपल्यात शेंगदाण्यामुळे 13 ग्रॅमच्या आसपास आहे.

आता साखर. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असते. तिच्याबरोबर चोथा आणि थोडी खनिजं येतात, हे चांगलं. पण साखर ती साखर. आपल्या एका गोळीत ती 4 ते 5 ग्रॅम आहे, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा भरून. नेहमीच्या ट्रफलमध्येही जवळपास तेवढीच असते. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे शुगर फ्री लिहायला 100 ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते. आपल्या 100 ग्रॅममध्ये ती 30 ग्रॅम आहे, म्हणजे साठपट.

तो डबा विकत घेणारी बाई कोण असते, याचा विचार करा. ती स्वतःसाठी घेत नाही. घरी मधुमेह असलेले सासरे असतात, दिवाळीला सगळ्यांच्या ताटात गोड असतं आणि त्यांच्या ताटात काही नसतं. ती चिठ्ठी वाचते आणि आनंदाने डबा उचलते. सासऱ्यांना वाटतं, हे आपल्याला चालतं, आणि ते एका जागी पाच गोळ्या खातात. पाच चमचे साखर. चिठ्ठी छापणारी आपण तेव्हा तिथे नसतो. मधुमेह असलेल्याने एखादी खायची की नाही हे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. पण ठरवायला त्याला खरी माहिती तरी मिळायला हवी.

मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग लिहायचं तरी काय?’ आम्ही ठरवलं ते सांगते. ठळक अक्षरात ‘खजूर-कोको ट्रफल’. खाली घटक, जास्त असेल तो आधी: खजूर, नारळाचं दूध, शेंगदाणा, डाळं, कोको, मीठ. मग ‘गोडी खजुराची आहे. मधुमेह असल्यास जपून.’ आणि ‘यात शेंगदाणा आहे’, कारण काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. करण्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, वजन, गटाचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक. व्हीगन पदार्थांसाठी 2022 मध्ये वेगळे नियम आले आहेत आणि त्यांचं वेगळं चिन्हही आहे. ते चिन्ह परवानगीशिवाय छापायचं नाही. तुपाचे लाडू वळलेल्या परातीत, नुसती पुसून, हे ट्रफल मळायचे नाहीत. दुधाची ॲलर्जी असलेल्याला तेवढा अंशही बाधू शकतो.

टिकण्याचं सांगते. नारळाचं दूध ताजं असल्याने हे ट्रफल फ्रीजमध्येच ठेवा आणि 4 दिवसांत संपवा. प्रदर्शनात दिवसभर टेबलावर राहणार असतील तर नारळाचं दूध अजिबात घालू नका. तेल सुटेपर्यंत वाटलेलं कूट जरा जास्त घ्या, त्यानेच मिश्रण बांधलं जातं. ओला हात लावू नका. किंमत ठरवताना सामान, गॅस आणि डब्याबरोबर वळणाऱ्या हातांचे तासही धरा. ते बऱ्याच गटांत धरलेच जात नाहीत.

गोडी अजून कमी हवी असेल तर खजूर 120 ग्रॅम करा आणि डाळ्याचं पीठ तेवढंच वाढवा. कोकोचा कडवटपणा पुढे येतो, पण मिठाची चिमूट तो सांभाळून घेते. आधी निम्म्या प्रमाणात करून घरच्यांना द्या, काय म्हणतात ते लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. दोन्ही प्रमाणांची चव आपण शेजारी शेजारी ठेवून बघू.