‘पोलीस अ‍ॅक्शन’ आणि आपण
(नांदेड येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मराठवाडा मुक्तिदिनी आपण ध्वज उभारतो, तेव्हा ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हा शब्द ओठी येतोच. वस्तुतः १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्यात शिरले ते सैन्य होते. हे परराज्यावरील आक्रमण नव्हे, घरातला बंदोबस्त आहे, असे जगास सांगावयाचे होते, म्हणून ते नाव. रझाकारांनी केलेला छळ आम्ही विसरलेलो नाही. १७ तारखेस निजाम शरण आला तेव्हा लोकांना हायसे वाटले, ते उगीच नव्हे.

परंतु बंदोबस्ताची खरी निकड त्यानंतरच होती. लातूर हे रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याचे गाव. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने नमूद केले आहे की, तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते; हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपला नांदेड होता, आणि लातूर तेव्हा ज्यात मोडे तो उस्मानाबादही होता. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच राहिला.

आणि खुद्द रझवी? त्याच्यावर रीतसर खटला चालला. शिक्षा भोगून १९५७ साली तो पाकिस्तानात गेला. ज्याच्यावर आरोप होता त्याला न्यायालय मिळाले. ज्यांच्यावर आरोपच नव्हता, त्यांच्या दाराशी एक शिपाईही उभा राहिला नाही.

पुढे संविधान आले. अटक झालेल्यास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे २२ वे कलम सांगते. पोलिसांवरील राजकीय दडपण कमी व्हावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आदेश दिले. पण दडपण काय केवळ मंत्र्यांचेच असते? आपला मुलगा चौकीत बसला की ‘आपल्यातला’ अधिकारी कोण, याचा शोध आपणच प्रथम घेतो. आणि दुसऱ्याच्या मुलाला तेथे मार बसला तर ‘बरे झाले’ म्हणतो. (हे बोलणे काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.)

त्याच अहवालात आपल्या व्यवसायाचाही उल्लेख आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. आपण विणकर, ज्यांच्या घरी अशी एखादी आठवण जपली गेली असेल, त्यांनी ती मंडळाकडे लिहून द्यावी आणि मंडळाने ती पुढील स्मरणिकेत छापावी, एवढी आमची विनंती आहे.