जुना संगणक मोडीत घालण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही बाई संगणकावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण जुन्या साडीचे काठ काढून ठेवावेत, मऊ भागाची गोधडी शिवावी आणि उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे करावे, हे आपल्याला कोणत्या शाळेत शिकवले? तोच हिशेब संगणकालाही लागू पडतो.

14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’ची नेहमीची मदत कंपनीने थांबवली. त्यामुळे पुष्कळ घरांतले चालते संगणकही माळ्यावर गेले. खरे म्हणजे त्यांतले कितीतरी ‘लिनक्स’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर अजून काम देतील. तेव्हा आधी तो चालतो का ते पाहावे. अगदीच बंद पडला तरच उघडावा.

आमचा संगणक मागल्या हिवाळ्यात बंद पडला, तेव्हा भाच्याला मदतीला घेऊन मी तो उघडला. प्रथम वायर भिंतीतून काढली. मग आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला. थंडीत नायलॉनच्या साडीतून चटचट आवाज येतो ना, त्याच विजेने आतले नाजूक भाग मरतात. अशा कामाला सुती साडीच बरी.

आत सर्वांत मोलाची वस्तू हार्ड डिस्क. संगणक मेला तरी ती पुष्कळदा जिवंत असते. बाजारात मिळणाऱ्या डबीत बसवून ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मोठ्या साडेतीन इंची डिस्कच्या डबीला वेगळा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपमधल्या अडीच इंचीला बहुधा लागत नाही. आमच्या डिस्कमधून सासूबाईंचे फोटो निघाले. त्या आता आपल्यात नाहीत. कबाडीवाल्याच्या तराजूत ते फोटो लोखंडाच्या भावाने गेले असते! त्याच डिस्कवर आमची आधार कार्डे आणि बँकेचे कागदही होते. नुसते ‘डिलीट’ केले की सारे पुसले जाते, हा गैरसमज होय. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने शाबूतच राहतात. डिस्क दुसऱ्याला द्यायची असेल, तर त्यावर नवे लिहून जुने बुजवणारा प्रोग्राम जाणकाराकडून चालवून घ्यावा.

दुसरी वस्तू रॅमची पट्टी. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलक्या हाताने फिरवला की मळ निघतो. मात्र डीडीआर 3 ची पट्टी डीडीआर 4 च्या खाचेत बसत नाही. जोर करू नये. पंखा, कीबोर्ड, माऊस, वायरी आणि स्क्रूसुद्धा जपून ठेवण्याजोगे.

आता काय उघडू नये तेही ऐका. वीजपुरवठ्याची डबी, म्हणजे एसएमपीएस, आणि जुना फुगीर पडद्याचा मॉनिटर, यांत वायर काढल्यावरही जोरदार वीज साठून राहते. त्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी टोचू नये; ती पेटते. आतला नाण्यासारखा सेल पोरांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास घसा जळतो आणि जिवावर बेतते.

उरलेल्याचे काय? सन 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. बाकीच्यातल्या कितीतरी वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. तो विषारी धूर कोणाच्या नाकात जातो? पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ निघाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य बायाच आहेत. आपल्या घरचा कचरा आपल्यासारख्याच बायांच्या हातांतून जातो, हे विसरून चालणार नाही.

1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत; असा माल नोंदणी झालेल्या कारखान्याकडेच जायला हवा. एकेका घराचा माल थोडा, म्हणून मंडळाच्या खोलीत एक खोके ठेवावे. चांगले भाग गरजूंना द्यावेत आणि बाकीचा माल वर्षातून एकदा एकत्र पाठवावा. खोके आणण्याचे काम मी अंगावर घेते.