कथा विसरा, कथेकरी धरा

मंडळी, सातवाहन राजा आजारी पडला आणि वैद्यांनी दोष दिला मुदपाकखान्याला. ताटात येणारं मांस सुकं आहे, त्यात कस नाही. आचाऱ्यांना जाब विचारला, त्यांनी पारध्यांचं नाव घेतलं. पारधी म्हणाले, आम्ही तरी काय करणार? तिकडं डोंगरावर एक ब्राह्मण बसलाय. एकेक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. रानातली सगळी जनावरं चरायचं सोडून त्याच्याभोवती ऐकत बसलीत, डोळ्यांतून पाणी काढताहेत. मग त्यांच्या अंगावर मांस धरणार कुठून?

हा ब्राह्मण म्हणजे गुणाढ्य, आपल्या गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. पैजेत हरल्यामुळं त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या होत्या. उरली पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा. तिच्यात त्यानं सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली. पुढं पारध्यांचं ऐकून तो धावत डोंगरावर पोचला, तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेल्या लाखात नरवाहनदत्त नावाच्या राजपुत्राची कथा होती.

मूळ बृहत्कथा आज कुठंच मिळत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यवतीचं मन रमावं म्हणून ती संस्कृतात आणली, तो कथासरित्सागर. लंबक म्हणजे खंड १८, त्यांतले तरंग म्हणजे अध्याय १२४, श्लोक वीस हजारांच्या वर. विद्याधर आकाशातून जातात, प्रेतं बोलतात, शापानं माणसाचा पोपट होतो. हल्ली मुलं जाडजूड इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या बगलेत घेऊन फिरतात. त्यांना हे घराणं मुळीच परकं वाटू नये. सलमान रश्दींनी १९९० साली मुलांसाठी लिहिलेल्या ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’च्या नावातही हाच समुद्र आहे.

पण तक्रार ठरलेली: शंभर पानांनंतर कोण कुठला तेच कळेनासं होतं. तक्रार खरी आहे. आपण सगळ्यांनी ‘चांदोबा’त विक्रम-वेताळ वाचलाय. तो वेताळ इथं बाराव्या लंबकात भेटतो. कसा, ते पाहा. नरवाहनदत्त विरहानं व्याकुळ होऊन रानात भटकतोय. पिशंगजट नावाचा मुनी त्याला धीर द्यायला मृगांकदत्ताची गोष्ट सांगू लागतो. या मृगांकदत्ताचे मंत्री शापानं पांगलेत, आणि जो जो परत भेटतो तो आपली हकिकत सांगतो. त्यातला विक्रमकेसरी सांगतो, मला एक म्हातारा ब्राह्मण भेटला. तो ब्राह्मण सांगतो, प्रतिष्ठानात त्रिविक्रमसेन नावाचा राजा होता. त्या राजाच्या खांद्यावर वेताळ बसतो, आणि आता वेताळ सांगायला लागतो! (हशा)

आपण हसलात, म्हणजे धागा सुटला नाही. का नाही सुटला? कारण गोष्टी बाजूला ठेवून मी फक्त सांगणारे सांगितले. एवढंच मला आज सांगायचं आहे: या ग्रंथात कथा विसरल्या तरी चालतात, कथेकरी हातचा सुटता कामा नये. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ‘कोण कोणाला सांगतंय’ एवढंच लिहीत चला. पात्रांच्या याद्या करायच्या फंदात पडू नका.

आणि आपल्या खेडच्या माणसाला हे मी शिकवायचं म्हणजे काय! श्रावणात आपल्याकडं पोथी लागते. पांडवप्रतापाचे ६४ अध्याय घरातल्या म्हाताऱ्यांनी कसे पार पाडले? रोज थोडं, मोठ्यानं, चार माणसांत. एक वाचणार, एक अर्थ सांगणार, आणि वैशंपायन जनमेजयाला सांगताहेत ही आठवण पोथी मधूनमधून स्वतःच देणार. किंवा शिमग्यातलं नमन घ्या. गण-गवळण होऊन वगाला रंग चढेतो मध्यरात्र उलटते. माणूस मध्येच उठतो, चहा मारून येतो, शेजाऱ्याला विचारतो, ‘कुठवर आलं?’ आणि पुन्हा बसतो. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. पुस्तक घेऊन एकटा बसला की मात्र हाच माणूस दोन पानं निसटली म्हणून स्वतःला नालायक ठरवतो. शेजारी विचारायला कुणी नसतं, ही खरी अडचण. गुणाढ्यानं तर जनावरांनाही मोठ्यानंच वाचून दाखवलं.

आता थोडं परखड. ग्रंथ सगळाच रसाळ नाही. आठव्या, सूर्यप्रभ लंबकात कोण योद्धा किती तोलाचा याच्या याद्या आहेत. तिथं पानं उलटायला लाजू नका. अकरावा अवघा एका तरंगाचा, बारावा ३६ तरंगांचा. मोजूनमापून केलेलं बांधकाम हे नाही. नायक नरवाहनदत्ताचा महाभिषेक पंधराव्यातच उरकतो, तरी पुढं तीन लंबक उरतात. शेवट गाठायची घाई असलेल्यानं हा ग्रंथ हातात घेऊ नये. इंग्रजीत पेंझरनं टॉनीच्या भाषांतराला टिपा जोडून १९२४ ते १९२८ या काळात दहा खंड काढले. टिपा विद्वत्तेच्या आहेत, पण पहिल्या वाचनात त्या गोष्टीच्या पायात येतात. आपण मराठी अनुवादच घ्यावा.

सुरुवात पहिल्या लंबकानं करा. त्याचे तरंग आठच आहेत आणि गुणाढ्याची सगळी हकिकत त्यातच येते. मग सरळ बाराव्यातल्या वेताळावर या. पडवीत चार-पाच जण बसा, रात्रीला एकच गोष्ट वाचा आणि वेताळाच्या प्रश्नापाशी थांबा. उत्तर राजानं द्यायच्या आधी पडवीतल्यांनी द्यावं. पहिल्या गोष्टीतच पाप कुणाचं यावर भांडण होईल. राजानं दिलेला निकाल मला अजून पटलेला नाही.