होडीत बसलेले मास्तर



 साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन किंवा आमदार, असा आपला रिवाज. यंदा दोघांनाही सवड झाली नाही, म्हणून एका निवृत्त विज्ञानशिक्षकाच्या गळ्यात माळ पडली. मांडव ठीक आहे, माईकची मात्र खात्री देत नाही.

आजच्या परिसंवादाचा विषय आहे ‘लेखक आणि सत्ता’. तो निघाला की आपल्याला १९७५चं कऱ्हाडचं संमेलन आठवतं. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत. तिथे निदान खुर्च्या दोन होत्या. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला तर काय होतं? या प्रश्नापायी मी गेले काही महिने एका क्रोएशियन कवी-मास्तरांच्या नादी लागलो आहे.

व्लादिमिर नाझोर. जन्म १८७६, ब्राच बेटावरच्या पोस्तिरा गावी. निसर्गविज्ञान शिकले (इथे मला उगीचच भाऊबंदकी वाटते) आणि उभं आयुष्य शाळांमध्ये काढलं. इस्त्रिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. तिथे शिकवत असताना १९०८ साली त्यांनी ‘वेली योझे’ ही गोष्ट लिहिली. मोतोवुन गावाचा गुलाम असलेला एक अवाढव्य माणूस, चिडला की गावाचा मनोराच गदागदा हलवणारा. त्याचे महाकाय भाऊबंद मोकळे होतात खरे, पण दारू आणि आपसांतली भांडणं त्यांना पुन्हा जोखडाखाली नेतात. मुलांची गोष्ट म्हणून ती वाचली जाते. ग्रामपंचायतीच्या सभेत वाचायला हवी.

पुढे देश फॅसिस्टांच्या ताब्यात गेला. १९४२ सरताना, डिसेंबरच्या थंडीत, सहासष्ट वर्षांचे नाझोर झाग्रेब सोडून निघाले आणि रात्री होडीतून कुपा नदी ओलांडून कम्युनिस्ट नेते टिटो यांच्या पार्टिझान, म्हणजे गनिमी, सैनिकांना जाऊन मिळाले. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत असतो. सोबत होता तरुण कवी इवान गोरान कोवाचिच. त्याला पुढच्याच जुलैत सर्ब राष्ट्रवादी चेतनिकांनी मारलं. म्हातारा वाचला, तरुण गेला.

१९४३च्या जूनमध्ये क्रोएशियाच्या फॅसिस्टविरोधी मुक्तिपरिषदेने नाझोरांना अध्यक्ष निवडलं. युद्धानंतर ते साबोरच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अध्यक्षमंडळाचे प्रमुख झाले. मान मोठा, पण सूत्रं कम्युनिस्ट पक्षाच्या हाती, व्लादिमिर बकारिच यांच्याकडे. आपल्या राज्यपालांचं असतं तसंच काहीसं.

आता माझी तक्रार. युद्धाच्या काळात मास्तरांनी टिटो आणि स्टालिन या दोघांना एकाच गाण्यात गौरवलं. गाणं सैनिकांच्या तोंडी बसलं. १९४८ साली टिटो-स्टालिन यांचं फाटलं आणि गाण्यातून स्टालिन वगळला गेला. कवी तेव्हा हयात होते, पदावरही होते. आपली ओळ अशी छाटली जाताना त्यांना काय वाटलं असेल? १९४९च्या जूनमध्ये ते वारले, त्यामुळे हे विचारायलाही कुणी उरलं नाही. मला मात्र त्याच माणसाची पार्टिझानांबरोबरच्या दिवसांची रोजनिशी त्या गाण्याहून कितीतरी मोलाची वाटते. खुर्ची मिळाल्यावरचे नाझोर मला दुरून दिसतात. होडीतले नाझोर शेजारी बसल्यासारखे वाटतात.

परिसंवादात माझं हे मत खोडून काढणारे दोन वक्ते आहेत, हे कार्यक्रमपत्रिकेवरून मला ठाऊक आहे. त्यांनी अवश्य खोडावं. चहा बाहेर उजव्या हाताला आहे, जेवण एक वाजता, पिठलं-भाकरी आणि ठेचा. अध्यक्षांना विनंती, आपण सूत्रं हाती घ्यावीत.